सावलीच्या बाजूचा चर

उन्हाळ्यात झाड लावणारा माणूस एक तर नवखा असतो नाही तर श्रीमंत, असं ताईचं ठाम मत होतं आणि ते ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची. त्या कोरड्या गावात पाऊस म्हणजे वर्षाकाठी चार-पाच सरी, त्याही आल्या तर आल्या. तिथे लागवडीचा मोसम एकच, पानगळीचा. ऊन नरमतं, हवा गार व्हायला लागते, पण जमीन आतून अजून कोमट असते आणि त्या कोमट मातीत मुळं गुपचूप पसरतात. वर मात्र काही म्हणजे काही दिसत नाही, म्हणून गिऱ्हाइकं तक्रार घेऊन येतात. "महिना झाला बाई, एक पान फुटलं नाही!" मग ताई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "फुटायला त्या काय लाह्या आहेत? पाणी आठवड्यातून एकदाच द्या, पण पोटभर द्या, आणि गप घरी बसा."

गाव तिला रोपवाली म्हणायचं. ताई म्हणणारा माणूस जगात एकच होता, तिचा धाकटा भाऊ, आणि त्याने गेल्या आठ महिन्यांत तिला एकदाही हाक मारली नव्हती.

हा भाऊ म्हणजे बारक्या. म्हणायला बारक्या, पण वय पंचेचाळीस, पोट शर्टाची बटणं ताणणारं आणि धंदा नळदुरुस्तीचा. जिथे पाणी थेंब थेंब जपून वापरतात तिथे नळवाल्याला डॉक्टरपेक्षा जास्त मान असतो, आणि तो मान बारक्याच्या चालण्यात दिसायचा. दोघं भावंडं एकाच बापाच्या हाताखाली तयार झालेली. बाबा सरकारी बागेत माळी होते. सुट्टीच्या दिवशी ते दोघांनाही बागेत न्यायचे, हिच्या हातात खुरपं, त्याच्या हातात झारी. स्वभावही दोघांचे एकाच साच्यातले. मनातलं बोलायचं नाही, आणि बोललंच तर समोरच्याला लागेल असंच बोलायचं.

भांडण झालं आईवरून. बाबा गेल्यावर आई दोन खोल्यांच्या घरात एकटीच राहत होती. तेवढ्यात रस्ता रुंद करणाऱ्यांचं पत्र आलं, की पुढच्या वर्षाअखेर घर रिकामं करा. मग आईने जायचं कुणाकडे? दोघांनाही आई हवी होती आणि खरं सांगायचं तर मनापासून हवी होती. म्हणून तर भांडण इतकं कडू झालं. ताई म्हणाली, "तुझ्या दीड खोलीत चार माणसं. आईला काय पाण्याच्या टाकीवर झोपवणार?" बारक्या म्हणाला, "आणि तुझ्याकडे? नवरा महिन्यातले वीस दिवस ट्रकवर. घरात माणसं कमी आणि कुंड्या जास्त. आईने काय कुंड्यांशी गप्पा मारायच्या?" बस्स, तेव्हापासून अबोला. पाण्यात काठी मारली म्हणून पाणी तुटत नाही, असं आईच्या शेजारची शिंपीण म्हणाली होती. शिंपिणीला काय जातंय म्हणायला!

अबोला ह्या दोघांचा आणि त्याचा सगळा भार आईवर. "माझ्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही," ताईने आईला बजावलं. बारक्यानेही तेच बजावलं, अगदी ह्याच शब्दांत. आईने दोघांचंही ऐकलं. ताई सकाळी यायची, रोपवाटिका उघडायच्या आधी. बारक्या यायचा संध्याकाळी, कामावरून घरी जाताना. सकाळी मोरीत विसळायचा राहिलेला जास्तीचा कप ताईला दिसायचा, पण ती तो न दिसल्यासारखं करायची. आईचं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शेवटी दोघांनी आपापल्या वेळेला आईला विचारलंच, की तू कुणाकडे येणार. आता, दोन लेकरांतून एकाचं नाव घ्यायचं म्हणजे दुसऱ्याला तोंडावर नको म्हणायचं. ते तिच्याच्याने होईना. म्हणून तिने मागच्या अंगणातलं झाड पुढे केलं. "माझं काय विचारता? लिंबू ज्याच्या अंगणात लागेल तिथे मी," ती दोघांनाही म्हणाली. "त्याच्याशिवाय मला करमायचं नाही."

हे कागदी लिंबाचं झाड बाबांनी निवृत्त झाले त्या वर्षी लावलं होतं. डोक्याच्या वर हातभर उंच, गोल, वर्षभर हिरवं. आई दुपारी त्याच्याखाली खुर्ची टाकून बसायची, तिथेच निवडणं-टिपणं, तिथेच डुलकी. तिचा दिवस त्या झाडाखाली जायचा, आणि म्हणून तिचं म्हणणं दोघांनाही खरंच वाटलं. ताई घरी गेली ती थेट आपल्या अंगणात खड्ड्याची जागा बघायला. बारक्याही गेला असणार. एका झाडाचे दोन खड्डे ठरले.

मोठं झाड हलवायचं तर बाबांची एक रीत होती. ते म्हणायचे, झाडाला एकदम तोडायचं नाही, हप्त्याने तोडायचं. या पानगळीत खोडापासून दीड हातावर अर्ध्या गोलात चर खणायचा, त्या बाजूची मुळं कापायची आणि चर भुसभुशीत मातीने बुजवायचा. उरलेली अर्धी मुळं झाडाला पोसतात. कापलेल्या बाजूला नवी बारीक मुळं फुटली की थंडी सरल्यावर दुसरी बाजू. मग पुढच्या पानगळीत झाड मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट उचलायचं, त्याला कळतसुद्धा नाही. आणि सुरुवात कुठून करायची? तर सावलीच्या बाजूने. उघडं पडलेलं मूळ आपल्याकडच्या उन्हात दोन मिनिटांत वाळतं, तेव्हा जिथे सावली तिथे पहिला घाव. हे त्यांनी दोघांनाही इतक्यांदा सांगितलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं.

पानगळ लागली आणि ताईने एका सकाळी फावडं घेतलं. त्या दिवसांत अंगणात कामं भरपूर. उन्हाळी वेलांचे सांगाडे उपटायचे, बी राखायचं, ठिबकच्या नळ्यांतली माती धुऊन काढायची, वाफे उकरून शेणखत मिसळायचं, लसूण लावायचा. आई पायरीवर बसून लसणाच्या पाकळ्या सोडवत होती, मोठ्या लावायला, लहान खायला. झाडाची सावली पश्चिमेला, कुंपणाच्या भिंतीकडे पडली होती. ताईने त्या बाजूला अर्धा गोल आखला आणि खणायला लागली.

"किती खोल जाणार गं?" आईने विचारलं.

"हातभर."

"त्याला दुखत असेल."

"तुझ्या लेकीच्या पाठीला दुखतंय, त्याचं काही नाही," ताई म्हणाली, आणि आई हसली. मुळं अंगठ्याएवढी होती. ताईने ती धारदार कात्रीने सफाईने कापली, चरात रेती आणि खत मिसळून भरलं, हलक्या हाताने दाबलं, वर पाणी दिलं आणि खोडाभोवतीच्या सगळ्या आळ्यावर वाळक्या पानांची वीतभर गादी पसरली. माती उघडी ठेवायची नाही, हीसुद्धा बाबांचीच शिकवण. काम संपलं तेव्हा तिथे काही खणलंय हे तिचं तिला ओळखू आलं नसतं. आईला तिने एवढंच सांगितलं, की झाड हलवायची तयारी चाललीय. आई झाडाकडे बघत राहिली, मग तिने पाकळ्यांची टोपली पुढे केली. "लसूण लावून जा मग."

महिना गेला. लिंबाची पानं होडीसारखी वळायला लागली. ताईला त्यात वावगं वाटलं नाही. अर्धी मुळं कापल्यावर झाड थोडं रुसणारच. तिने दोन बादल्या पाणी जास्त दिलं. आठवड्याने पानं पिवळी पडली, तिने पुन्हा पाणी दिलं. आळं मात्र कधी वाळतच नव्हतं. सकाळी येऊन बघावं तर पानांच्या गादीखाली चिखल. कोरड्या जमिनीत पाणी असं थांबत नाही, हे तिला कळायला हवं होतं. दुसऱ्याच्या झाडाचं दुखणं ती दहा पावलांवरून ओळखायची. स्वतःच्या घरचं झाड म्हटलं की शहाण्या माणसाचीही अक्कल गहाण पडते, दुसरं काय!

पानं गळायला लागली त्या सकाळी ती गुडघ्यावर बसली आणि आळ्यात बोटं खुपसून सगळीकडे चाचपू लागली. पूर्वेच्या बाजूला, जिथे तिने हात लावला नव्हता, तिथे बोटं मनगटापर्यंत आत गेली. रेती लागली. तिने हाताने माती उपसली. आणखी उपसली. आत मुळं कापलेली होती. कापावर बारीक, सरळ रेघा होत्या. लोखंडी नळ कापायच्या करवतीच्या. तिने गुडघ्यावर सरकत सरकत त्या बाजूचा सगळा अर्धा गोल चाचपून पाहिला. इकडून तिकडे रेती. मूळ एक शिल्लक नाही.

ताई तशीच चिखलात बसून राहिली.

"आई," ती म्हणाली, "ह्या बाजूला कुणी खणलं?"

आई पायरीवर होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आई, विचारतेय मी."

"तूच म्हणालीस ना, नाव काढायचं नाही."

"आता काढ."

"तुझं झालं आणि दोन दिवसांनी त्याने खणलं. संध्याकाळी," आई म्हणाली. "मला वाटलं तुम्ही ठरवलंत. अर्धं तू करायचं, अर्धं त्याने. मला सांगितलं नाहीत, पण ठरवलंत खरं. मला इतकं बरं वाटलं गं! म्हटलं, नावं काढत नाहीत पण कामं वाटून घेतात. मग मीही गप्प बसले. म्हटलं, आपण मध्ये बोलून कशाला मोडता घाला." ती जरा थांबली. "बरोबर आहे ना सगळं?"

बाबांनी झाडं हलवली ती सरकारी बागेत. आईला लसूण-कांदा माहीत, कुंड्या माहीत. अर्ध्या-अर्ध्या चराचं गणित तिच्यापर्यंत कधी आलंच नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून ताईची जीभ रेटेना.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आम्ही ठरवलं होतं."

तिथून ती निघाली ती रोपवाटिकेकडे गेलीच नाही. नळवाला कुठे आहे, असं विचारत चार दुकानं फिरली आणि बेकरीच्या मागच्या खोलीत तिला तो सापडला. म्हणजे त्याचे पाय सापडले. बाकीचा बारक्या भांडी घासायच्या मोठ्या सिंकच्या खाली होता. भट्टीची धग येत होती, जमिनीवर पाना-पक्कड आणि वॉशर पसरले होते.

"बारक्या," ती त्या पायांना म्हणाली.

पाय हलायचे थांबले.

"लिंबाला पूर्वेकडून खणायला तुला कुणी सांगितलं?"

बारक्या आतूनच म्हणाला, "तुला काय करायचंय? माझ्या अंगणात खड्डा तयार आहे."

"मी आधी खणलं होतं. पश्चिमेकडून. पूर्ण अर्धा चर."

तो सरपटत बाहेर आला. कपाळाला काळं ग्रीस. "खोटं बोलतेस. मी बघितलं असतं."

"वर पानं पसरली होती."

"पानं तर मीही पसरली."

"तेच सांगतेय मी!" ताई ओरडली. बेकरीवाला दारातून डोकावला आणि पुन्हा आत गेला. "बाबांनी काय सांगितलं होतं? सावलीकडून सुरू करायचं. सावली असते पश्चिमेला. तू पूर्वेला कशाला मरायला गेलास?"

"संध्याकाळी?" बारक्या म्हणाला. "संध्याकाळी सावली पूर्वेलाच असते, ताई."

आठ महिन्यांनी तो ताई म्हणाला आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. बाबांचं अक्षर न् अक्षर दोघांनी पाळलं होतं. वेळ तेवढी वेगळी, कारण एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं. बारक्या भिंतीला टेकून खाली बसला.

"आणि पाणी?" त्याने विचारलं. "मी रोज संध्याकाळी देत होतो. पानं वळत होती म्हणून."

"मी सकाळी."

"म्हणजे कुजली असतील."

"कुजलीच आहेत. हात घालून आलेय मी."

"काहीच करता येणार नाही?"

आता ताईचा धंदाच हा. रोज दहा जणांना ती उपाय सांगायची, निम्मे न विचारता सांगायची. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. "पाणी बंद करायचं. आळं उकरून वाळू द्यायचं. वर पांढरं कापड बांधायचं, ऊन लागू नये म्हणून. आणि माथा उतरवायचा, सगळ्या फांद्या छाटून नुसते खुंट ठेवायचे. खाली मुळंच नाहीत तर वर पोसायचं कशाने? एवढं केलं तरी दहात एक वाचतं. तेही नशीब असेल तर." मग ती आपल्या चिखलाच्या हातांकडे बघत म्हणाली, "माझ्या हातून आईचं झाड गेलं रे."

"तुझ्या एकटीच्या नाही," बारक्या म्हणाला. "अर्धं माझ्या."

त्याने उघडलेला नळ तसाच टपकत होता. बेकरीवाल्याने पुन्हा डोकावून, "काम होणार आहे का आज?" असं विचारलं, तेव्हा तो उठला. पाणी त्या संध्याकाळपासून बंद करायचं आणि चार दिवसांनी, सुट्टीच्या दुपारी, दोघांनी मिळून माथा उतरवायचा, असं ठरलं.

त्या चार दिवसांत झाडाने बहार धरला. पानं निम्मीअधिक गळून गेलेल्या फांद्यांना कळ्या आल्या, एका डहाळीला वीस-वीस, आणि फटाफट उमलल्या. बारा वर्षांत ते झाड असं कधी फुललं नव्हतं. ताईने ते बघितलं आणि तिला कळून चुकलं. मरायला टेकलेलं झाड असं फुलतं. जीव राहणार नाही असं कळलं की असेल नसेल ते सगळं फुलांत घालतं. रोपवाटिकेत असं झाड दिसलं की ती ते गिऱ्हाइकाला विकायची नाही, बाजूला काढून ठेवायची.

आईला मात्र हर्ष मावेना. तिने शिंपिणीला बोलावून झाड दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं, मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा मागच्या अंगणात नेलं. "मुलांनी मुळांशी काहीतरी केलं," ती सांगायची. "दोघांनी मिळून." घरभर फुलांचा वास भरला होता. ती खुर्ची टाकून तासन् तास झाडाखाली बसायची, आणि उठली की तिच्या केसांत, खांद्यावर पाकळ्या असायच्या. ताई रोज मनाशी ठरवून यायची की आज सांगायचं, आणि रोज लसणाला पाणी देऊन परत जायची.

सुट्टीच्या दुपारी ताई मोठी कात्री घेऊन आली, बारक्या शिडी आणि कापड घेऊन. दोघं एकदमच दारात उभे राहिले, तेव्हा आईने आधी ह्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "दोघं?" ती म्हणाली. "एका वेळी?" तिचे डोळे भरून आले. मग एकदम तिला घाई सुटली. "बसा, बसा. नाही, अंगणात जा. मी चहा टाकते. साखर कमी का रे अजून तुला? थांबा हं, आलेच." गुडघे दुखतात हे विसरून ती आत गेली.

दोघं झाडापाशी आले. मधमाश्या घोंघावत होत्या. बारक्याने शिडी लावली आणि तो वर न चढता तिलाच धरून उभा राहिला.

"ही सगळी फुलं कापायची?" त्याने विचारलं.

"सगळी. आज नाही कापली तर दहात एकही नाही."

"तिला काय सांगायचं?"

ताईने कात्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज येत होता. आई आत स्वतःशीच काहीतरी बोलत होती, खुशीत असली की बोलायची तशी.

"मला नाही जमायचं," बारक्या खालच्या आवाजात म्हणाला. मग जरा वेळाने, "ताई, आईला तूच ने. खरंच सांगतो. मी एवढा भांडलो, तुला नाही नाही ते बोललो, आणि केलं काय? तर तिचं झाड मारलं. मला तोंड नाही तिला माझ्याकडे चल म्हणायला."

"गप रे. धंदा माझा झाडांचा, तुझा नाही. मला कळायला हवं होतं," ताई म्हणाली. "तुझ्याकडे मुलं आहेत, बायको आहे, दिवसभर घर जागं असतं. आई तुझ्याकडे राहू दे."

"नाही, माझ्याकडे नको."

"अरे, मी नको म्हणतेय ना! तुझ्याकडेच ने."

"ताई, हट्ट करू नकोस. तू ने."

"मी नाही नेणार!"

बोलता बोलता दोघांचे आवाज चढले होते. हट्टी ते हट्टीच. द्यायला निघाले तरी भांडणारच. तेवढ्यात मागे कपांचा किणकिण आवाज झाला आणि दोघांनी वळून बघितलं. आई पायरीवर उभी होती. हातात ताट, ताटात तीन कप. ती किती वेळ उभी होती कोण जाणे.

"मागे दोघांनाही हवी होते मी," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

"आई, तसं नाही गं," ताई धावली. "तू ऐकलंस ते तसं नाही."

"मग कसं?"

इकडे आड आणि तिकडे विहीर. ताईने बारक्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. आता सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"आई, झाड मरतंय," ती म्हणाली. "आम्ही मारलं. मी अर्धी मुळं कापली आणि याने राहिलेली अर्धी कापली, एकमेकांना न सांगता. ठरवलं नव्हतं आम्ही काही. मी खोटं बोलले तुझ्याशी. म्हणून हा म्हणतो मला तोंड नाही, आणि मी म्हणते मला नाही. तू दोघांनाही हवी आहेस गं, शपथ."

आईने झाडाकडे बघितलं. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत ते पांढरंशुभ्र फुललं होतं. वास असा, की शिंपिणीने परवा भिंतीपलीकडून विचारलं होतं, अत्तर सांडलं का काही.

"हे झाड मरतंय?" आई म्हणाली.

"हो. मरायच्या आधी झाड असंच फुलतं."

"तुझे बाबा झाडाला ताण द्यायचे. पाणी तोडायचे, मुळं उघडी करायचे. मग बहार यायचा. एकही झाड मेलं नाही त्यांचं."

"हा ताण नाही, आई," बारक्या म्हणाला. "खाली मुळंच राहिली नाहीत. थांब, दाखवतो तुला." तो गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी माती उपसायला लागला. कुजलेल्या मुळाचा एक काळा तुकडा त्याने वर काढून धरला. आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"राहू दे रे, हात कशाला मळवतोस," ती म्हणाली. "आठ महिन्यांनी दोघं बोललात. मला वाटलं, झाडाने जमवून आणलं. तर बोललात ते एवढ्यासाठी होय? नको असेन तर नको म्हणा. म्हातारं माणूस जड होतं, मला कळतं. मी काही रडून गोंधळ घालणार नाही. पण असं करू नका. एवढ्या फुललेल्या झाडाला मेलं म्हणून सांगता, तेही माझ्या तोंडावर?"

"आई, अगं खरंच..."

"पुरे," आई म्हणाली. तिने ताट पायरीवर ठेवलं, वाकताना गुडघा धरला, आणि कशाचाही आधार न घेता पुन्हा उभी राहिली. "चहा घ्या. निवतोय."

ती आत गेली. ताईने हाक मारली, मग बारक्यानेही मारली. दार उघडंच होतं, पण आत जाऊन आता आणखी काय सांगायचं हे दोघांपैकी एकालाही सुचेना.